बॅकयार्डमधल्या छोट्या पूलमध्ये पोहून दम कसा वाढवायचा

टेक्ससमध्ये ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनकडे घर बघताना मागे निळंशार पाणी दिसलं की निम्मा सौदा तिथेच ठरतो. पहिल्या उन्हाळ्यात मुलांचे वाढदिवस होतात, दुसऱ्या उन्हाळ्यात भारतातून आलेल्या पाहुण्यांचे फोटो होतात, आणि तिसऱ्या वर्षापासून उरतं ते पूलवाल्याचं महिन्याचं बिल. जिमची फी भरून तीस मिनिटं गाडी चालवत ट्रेडमिलवर जाणारी आणि घरामागच्या पूलमध्ये पाय न बुडवणारी मंडळी आपल्या ओळखीत प्रत्येकाच्या असतील. हा लेख त्यांच्यासाठी.

मात्र ज्यांना खोल पाण्यात दोन मिनिटं तरंगता येत नाही, त्यांनी आधी शिकवणी लावावी. सिटीच्या रेक सेंटरमध्ये, म्हणजे सार्वजनिक व्यायाम-करमणूक केंद्रात, किंवा वायएमसीएमध्ये मोठ्या माणसांचे वर्ग असतात. चाळिशीत शिकायला लाज वाटायचं काही कारण नाही. रक्तदाबाची किंवा हृदयाची तक्रार असेल, मधुमेहाची औषधं चालू असतील, किंवा दहा वर्षांत जिना चढण्यापलीकडे काही केलं नसेल, तर डॉक्टरांना विचारून घ्या. फिट येण्याचा त्रास असेल तर कुणीतरी जवळ उभं असल्याशिवाय पाण्यात उतरूच नका.

आधी टेप घेऊन पूल मोजा

बिल्डरच्या कागदावर 16 बाय 32 फूट लिहिलेलं असतं. 32 फूट म्हणजे पावणेदहा मीटर. पण त्यातून एका टोकाच्या पायऱ्या वजा करा. नव्या घरांत लोळायला जो उथळ कट्टा करतात, तोही वजा करा. हातात 24 ते 26 फूट राहतात. पूल किडनीच्या आकाराचा असेल तर सर्वांत लांब सरळ रेषा तिरकी सापडते. दोरी धरून ती शोधा आणि दोन्ही टोकांना काठावर खडूने खूण करा. (हा आकार अमेरिकेत लोकप्रिय झाला तो थॉमस चर्च या लँडस्केप आर्किटेक्टने 1948 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सोनोमात केलेल्या डॉनेल बागेच्या पूलमुळे. बाग देखणी आहे, पण लॅप, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत खेपा, मारणाऱ्याचा विचार त्यात कुणी केलेला दिसत नाही.)

आता गंमत बघा. भिंतीला पाय लावून जोरात ढकललं की सरावाचा माणूस दहा-बारा फूट फुकटात पुढे जातो. 26 फुटांतले बारा गेले, शेवटचे तीन-चार फूट हात लांब करून भिंत पकडण्यात गेले. खरं पोहणं उरलं चार-पाच हातांचं. मग भिंत धरायची, वळायचं, एक श्वास घ्यायचा आणि पुन्हा ढकलायचं. असे शंभर लॅप मारले की आकडा भारदस्त दिसतो आणि छाती म्हणावी तशी भरत नाही, कारण दर सात-आठ सेकंदांनी विश्रांती मिळालेली असते.

म्हणून छोट्या पूलमध्ये लॅप मोजायचे नाहीत. वेळ आणि श्वास मोजायचा. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. मनगटावरच्या घड्याळाचाही लॅप मोजण्यासाठी भरवसा धरू नका. अनेक घड्याळांच्या हिशोबात एवढा आखूड पूल बसतच नाही आणि ती काहीबाही आकडे दाखवतात. स्टॉपवॉच म्हणून मात्र उत्तम.

पाणी पोहण्यालायक आहे का

पूलवाला आठवड्यातून एकदा येतो, तुम्ही तीन-चारदा उतरणार. त्यामुळे तपासणीच्या पट्ट्या घरात ठेवा आणि उतरण्याआधी एक बुडवून बघा. मोकळा क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, 7.2 ते 7.8 च्या आत. डोळे चुरचुरले की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालाय. बहुतेक वेळा उलटं असतं. घाम, सनस्क्रीन आणि पोरांची लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होतं, त्याचाच तो वास आणि तीच ती जळजळ. उतरण्याआधी साध्या पाण्याने अंघोळ केली की हा त्रास बराच कमी होतो. ‘आमचा सॉल्ट वॉटरचा आहे, क्लोरीन नाही’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. ते यंत्र मिठापासून क्लोरीनच बनवतं.

क्लोरीन संध्याकाळी टाकावा, दिवसा टाकला तर ऊन तो खाऊन टाकतं. क्लोरीन आणि पीएच उतरवायचं ॲसिड एकत्र कधीही ओतायचं नाही, दोन्हींचे डबे एकमेकांशेजारी ठेवायचेही नाहीत. ॲसिड पाण्यात घालायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. टाकल्यावर किती वेळ थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. तेवढा वेळ पंप चालू ठेवा.

स्किमरची, म्हणजे काठावरच्या कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाची, टोपली काढून बघायची सवय लावा. टेक्ससमध्ये पानांबरोबर तिथे बेडूक सापडतो, आणि एखाद्या सकाळी सापही. हात घालण्याआधी झाकण उचलून नीट बघून घ्यायचं.

तापमानाचं म्हणाल तर सलग पोहण्यासाठी 78 ते 82 फॅरनहाइट, म्हणजे 26 ते 28 सेल्सियस, बरं. जुलै-ऑगस्टमध्ये न तापवताही पाणी नव्वदीला टेकतं. अशा पाण्यात दणकून पोहलं तर अंग आतून तापतं, डोकं दुखतं, आणि घाम दिसत नसल्यामुळे कळतही नाही. त्या दोन महिन्यांत सकाळी लवकर उतरा, काठावर पाण्याची बाटली ठेवा आणि व्यायाम थोडा सैल करा.

एकट्याने नाही

हे वाचून कंटाळा येईल, तरी वाचा. घरातले झोपलेले असताना पहाटे पाचला एकट्याने उतरणं ही बॅकयार्ड पूलमधली सर्वांत धोक्याची वेळ. चांगलं पोहता येणाऱ्यालाही पेटका येतो, चक्कर येते. काठावर कुणीतरी जागं पाहिजे. चहाचा कप घेऊन बसलेला नवरा किंवा बायको चालेल. फोनमध्ये डोकं घातलेली चालणार नाही.

श्वास रोखून पाण्याखालून किती लांब जातो, ही पैज मोठ्यांनीही लावू नये. भराभरा श्वास घेऊन बुडी मारली की मेंदूला श्वासाची गरज वेळेवर कळत नाही आणि माणूस आवाज न करता बेशुद्ध होतो.

मुलं पाण्यात असतील तेव्हा तुमचे लॅप बंद. तुमचं तोंड पाण्यात असताना लक्ष ठेवणारे तुम्ही नाहीच. बुडणारं मूल हाका मारत नाही, पाणीही फारसं उडवत नाही. पूलभोवती निदान चार फुटी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हवं, आणि पोहून झालं की तरंगणारी खेळणी उचलून ठेवायची, कारण लहान मूल त्यांच्या ओढीनेच काठाशी जातं.

तळाच्या निचऱ्याचं झाकणही एकदा बघून घ्या. ह्यूस्टनचे रहिवासी आणि अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात 2002 मध्ये हॉट टबच्या निचऱ्याच्या ओढीत अडकून बुडून वारली. तिच्या नावाने 2007 मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर कायदा झाला आणि झाकणं शोषून न धरणारीच विकता येऊ लागली. पण त्याआधी बांधलेल्या घरगुती पूलमध्ये जुनं सपाट झाकण अजून असू शकतं. तसं असेल, फुटलेलं असेल किंवा स्क्रू निघालेला असेल, तर बदलेपर्यंत उतरू नका. लांब केस बांधून, टोपीतच.

आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की बाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं पुन्हा पाय घालायचा नाही.

विहिरीतलं पोहणं थोडं विसरावं लागतं

आपल्यापैकी अनेकजण गावाकडे पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत शिकले. ते पोहणं जीव वाचवायला पक्कं, पण त्यात डोकं कायम पाण्यावर असतं. डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि मग माणूस पुढे जाण्यापेक्षा स्वतःला वर धरण्यातच दमतो. दहा मिनिटांत मान आखडते ती याच कारणाने. आणखी एक: मुटका मारायची हौस इथे नको. बॅकयार्डमधले पूल बहुतेक साडेतीन ते पाच फूट खोल असतात. सूर तर मुळीच मारू नका, मान मोडते.

पहिला आठवडा फक्त श्वासावर घालवा. छातीइतक्या पाण्यात उभे राहा, तोंडाने श्वास घ्या, खाली बसा आणि नाकातोंडाने बुडबुडे सोडत राहा, फुप्फुस जवळजवळ रिकामं होईपर्यंत. वर या, श्वास घ्या, पुन्हा खाली. वीस वेळा, न थांबता. नवशिक्याला धाप लागते ती हवा कमी पडल्यामुळे असं वाटतं; खरं तर तो जुनी हवा बाहेर सोडत नसतो. पाण्यात सगळी सोडली की वर आल्यावर श्वास आपसूक आत येतो.

मग तरंगणं. भिंतीला हलकेच ढकलून, हात कानांना चिकटवून, नजर सरळ खाली तळाकडे ठेवून निवांत सरका. नजर समोर गेली की पाय बुडालेच म्हणून समजा. हे जमलं की फ्रीस्टाइलचे, म्हणजे पालथं राहून एकामागून एक फिरवायचे, हात जोडा. श्वास घेताना डोकं उचलायचं नाही, अंगाबरोबर कुशीला वळवायचं. गॉगलची एक काच पाण्यात, एक बाहेर. पाय गुडघ्यातून नाही, कमरेतून हलवायचे आणि तेही बेताने. नवखे लोक पाय आपटून आपटून दमतात, आणि फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचं मुख्य काम तर हातांचं असतं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं.

फ्रीस्टाइल जमत नसेल तर ब्रेस्टस्ट्रोकवर, म्हणजे बेडकासारखं पोहून, दम वाढवायला काही हरकत नाही. फक्त गुडघे दुखत असतील तर त्यातली लाथ त्यांना मानवत नाही.

भिंतीची फुकटची मदत काढून घ्या

भिंतीच्या या मदतीवरचा सर्वांत सोपा उपायही फुकट आहे: भिंतीला पाय लावायचेच नाहीत. दोन-तीन फूट अलीकडेच पाण्यात वळायचं आणि थांबलेल्या जागेवरून हातांनी वेग धरायचा. पूल रुंद असेल तर कडेकडेने लंबगोल फिरा; दर पाच मिनिटांनी दिशा बदला, नाहीतर एकच खांदा भरून येतो. अशी पाच मिनिटं केली तर मघाच्या शंभर लॅपचा रुबाब कुठल्या कुठे जातो.

दुसरा उपाय म्हणजे कमरेला दोरी. स्विम टेदर नावाने मिळते: कमरेचा पट्टा आणि त्याला जोडलेली ताणणारी रबरी दोरी. पोहत राहायचं आणि जागच्या जागी. माझ्या मते 30 फुटांखालच्या पूलला याहून चांगली वस्तू नाही, आणि हजारो डॉलरच्या प्रवाह सोडणाऱ्या यंत्राच्या मानाने ती स्वस्त आहे. लावताना मात्र घाई नको:

- दोरी बांधायची ती जमिनीत पक्क्या गाडलेल्या खांबाला. पॅटिओच्या टेबलाला किंवा ग्रिलला बांधली तर ते तुमच्यामागून पाण्यात येईल.
- गाठ पाण्याच्या पातळीपेक्षा जरा वर असू द्या, म्हणजे दोरी पायांत येत नाही.
- पूर्ण ताणल्यावरही समोरची भिंत हातभर लांब राहिली पाहिजे, आणि पाण्यात उभं राहता यायला हवं.
- पट्ट्याचं बक्कल उभ्याने, डोळे मिटून, एका हाताने सोडायचा सराव आधी करा.
- उन्हाने रबराला चिरा पडतात. पोहण्याआधी दोरी बोटांतून फिरवून बघा.

तळाशी मुलांची बुडणारी एक रिंग टाका, नाकाच्या बरोबर खाली. जोर लावला की ती मागे सरकते, दमलात की पुढे जाते. घड्याळापेक्षा हा हिशोब प्रामाणिक. सुरुवातीला दोरीमुळे पाय जड होऊन खाली जातात. डोकं खाली ठेवलं आणि मांड्यांमध्ये पुल बॉय, म्हणजे फोमचा ठोकळा, धरला की अंग सपाट राहतं.

बाकी सामान थोडकं: घट्ट बसणारा गॉगल, टोपी, छोटे फिन्स असले तर असले. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख मिळतो. उन्हालाही तो बरा, आणि शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीचा संकोचही राहत नाही. कॉटनचा टी-शर्ट घालून मात्र पोहू नका. तो पाणी पिऊन जड होतो.

बारा आठवड्यांचा बेत

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. प्रत्येक वेळी सुरुवातीला पाच मिनिटं पाण्यात चालणं आणि बुडबुडे, शेवटी तीन-चार मिनिटं पाठीवर निवांत.

पहिले तीन आठवडे, एकूण वीस मिनिटं: अर्धा मिनिट पोहा, मग श्वास शांत होईपर्यंत थांबा. घड्याळ बघून नाही, एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईपर्यंत. असं आठ-दहा वेळा.

चौथा ते सातवा, एकूण तीस मिनिटं: दीड मिनिट पोहणं, अर्धा मिनिट थांबणं, आठ वेळा, दोन आठवड्यांनी दोन मिनिटं पोहणं. भिंतीला पाय लावणं इथून बंद. तीन दिवसांपैकी एक दिवस दोरीवर: एक मिनिट जोरात, एक मिनिट हळू, दहा वेळा.

आठवा ते बारावा: एक दिवस सलग, आधी पाच मिनिटं, मग आठ, बारा, वीस, आणि जमलं तर तीस. एक दिवस दोरीवर चढउतार: एक, दोन, तीन, दोन, एक मिनिट जोरात, मध्ये अर्धा-अर्धा मिनिट ढिलं. तिसरा दिवस मौजेचा: बॅकस्ट्रोक, किकबोर्ड, काहीही. किती वेळा झालं हे डोक्यात राहत नाही. काठावर दहा नाणी मांडा आणि दर खेपेला एक सरकवा.

नाडी मोजणाऱ्यांसाठी: पाण्यात हृदयाचे ठोके त्याच मेहनतीला जमिनीपेक्षा मिनिटाला सुमारे दहाने कमी दिसतात. त्यामुळे पळण्याचे आकडे इथे लावले तर उगाच जादा ताणलं जाईल. खांद्यात टोचल्यासारखं दुखलं तर तो दिवस तिथेच संपवा. स्नायू भरून येणं वेगळं आणि सांधा टोचणं वेगळं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तुमचे इथे नव्वद झाले. उरलेला तास चाला, आणि चालाच, कारण पाण्यात अंगाचा भार हाडांवर पडत नाही. पन्नाशीनंतरच्या बायकांनी याकडे दुर्लक्ष करू नये. उठाबशा आणि थोडी वजनं आठवड्यातून दोनदा.

वजन उतरवायला म्हणून पोहणार असाल तर स्वयंपाकघराकडेही बघावं लागेल. सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास बेताने पोहलं तर 200 कॅलरीज खर्च होतात, आणि बाहेर आल्यावर भूक सपाटून लागते. चहाबरोबर फरसाणाची एक मोठी वाटी घेतली की हिशोब उलटतो. उतरण्याआधीच मोड आलेली उसळ किंवा उकडलेली अंडी तयार ठेवा, म्हणजे हात डब्याकडे जात नाही.

आईबाबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर

त्यांना पोहायला लावू नका, चालायला लावा. कमरेइतक्या पाण्यात अंगाचं वजन जवळजवळ निम्मं होतं. जे गुडघे फुटपाथवर कुरकुरतात ते इथे वीस मिनिटं चालतात. पायऱ्यांना पकडायला दांडी हवी, पायात रबरी तळाचे वॉटर शूज, आणि बरोबर कुणीतरी पाण्यातच. पुढे, मागे, आडवं, मग काठ धरून टाचा वर-खाली. आई ‘साडी नेसून उतरते’ म्हणेल. तेवढं ऐकू नका, ओल्या साडीत पाय अडकतो.

पोहून आल्यावर डोकं एकेका बाजूला कलवून कानातलं पाणी काढायचं आणि बाहेरून टॉवेलने टिपायचं. आत काडी घालायची नाही. खोबरेल आधीच थोडं केसांना लावून टोपी घातली तर क्लोरीनने केस राठ होत नाहीत. पण थोडंच लावा, जास्तीचं तेल फिल्टरमध्ये जातं.

ऑक्टोबरनंतर

न तापवलेला पूल उत्तर टेक्ससमध्ये साधारण मे ते सप्टेंबरअखेर चालतो. पाणी 70 फॅरनहाइटच्या खाली गेलं की नवख्याने हट्ट करू नये. एकदम थंड पाण्यात पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि तोंड पाण्यात असेल तर तो पाण्याचाच असतो. हीटर लावून डिसेंबर काढायचा तर गॅसचं बिल एकदा बघून ठरवा. हिमाच्या रात्री पंप चालू ठेवायचा, हे तर 2021 च्या फेब्रुवारीतल्या हिमवादळानंतर टेक्ससमध्ये कुणाला सांगावं लागत नाही.

त्या महिन्यांत रेक सेंटरचा 25 यार्डांचा पूल धरा. पहिल्या दिवशी वेळ निम्मी करा. तळाची काळी रेघ बघत सरळ जा, आणि मंद लेन निवडा. तिथे अमेरिकन आज्या असतात, त्या चाळीस मिनिटं न थांबता पोहतात. लेनमध्ये दोघं असाल तर आधी बोलून अर्धी-अर्धी वाटून घ्या, तीन झाले की सगळ्यांनी उजवीकडून जायचं, आणि दमलात तर कोपऱ्यात सरकून उभं राहायचं, म्हणजे मागच्याला वळायला भिंतीचा मधला भाग मोकळा मिळतो.